तिकिटावरची वास्तू आणि तिचा कर्ता

(स्मृतिव्याख्यानमालेत जुन्नर येथे दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी इतिहास वर्गात जितका शिकवला त्याहून जास्त डोंगरावर शिकवला. मुलांना लेण्यापाशी नेऊन ते पहिला प्रश्न विचारत, ‘हे कोणी केलं?’ मुलं एखाद्या राजाचं नाव सांगत. गुरुजी म्हणत, ‘राजानं करवलं असेल. केलं कोणी?’ आजचं माझं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचाच पाठपुरावा आहे. त्यासाठी मी टपालाच्या तिकिटाची वाट धरली आहे.

देशानं एखाद्याला दिलेल्या सन्मानांत तिकीट आकारानं सर्वांत लहान, पण सर्वांत दूर पोचणारं. पुतळा एका चौकात उभा राहतो, तिकीट मात्र घोडेगावच्या पोस्टातून निघून गडचिरोलीच्या पाड्यावर जातं. म्हणूनच त्यावर काय छापलं आणि काय गाळलं, याकडे मी गंभीरपणे पाहतो.

१५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारतानं रोजच्या वापरासाठी सोळा तिकिटांची मालिका काढली. तीन पैंपासून पंधरा रुपयांपर्यंत. नव्या राष्ट्रानं स्वतःची ओळख म्हणून निवडल्या त्या वास्तू आणि शिल्पं: अजिंठा, घारापुरीची त्रिमूर्ती, सांचीचं तोरण, खजुराहोचं कंदरिया महादेव मंदिर, विजापूरचा गोल घुमट, अमृतसरचं सुवर्णमंदिर, ताजमहाल, कुतुबमिनार, शत्रुंजयाची मंदिरं. निवड उत्तम होती. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, मुसलमान, सर्वांचं बांधकाम एका मालिकेत आलं, तेही फाळणीनंतर दोनच वर्षांनी. निवडणाऱ्यांच्या मनाचा मोठेपणा त्यात दिसतो. पण सोळांपैकी एकाही तिकिटावर बांधणाऱ्याचं नाव नाही.

बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत, असं कोणी म्हणेल. ते खरं आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. ताजमहालाचा मुख्य स्थपती म्हणून उस्ताद अहमद लाहोरी याचं नाव इतिहासकार घेतात. सहा आण्याच्या तिकिटावर जो गोल घुमट होता, त्याचं श्रेय परंपरेनं याकूत नावाच्या माणसाला दिलं जातं. हा याकूत दाभोळचा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, वासिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ. कोकणातल्या बंदरातून आलेल्या माणसाचं नाव ज्या घुमटाशी जोडलं जातं, तो देशभर पत्रांवर चिकटून फिरला आणि कोकणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

हाच घुमट पुढे मुंबईत पुन्हा भेटतो, आणि तोही टपालखात्याच्याच डोक्यावर. बोरीबंदरजवळच्या जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट गोल घुमटावरून प्रेरणा घेऊन बांधलेला आहे. ती इमारत १९१३ साली पुरी झाली आणि तिचा वास्तुविशारद होता जॉन बेग. बेगचं नाव आपल्याला नक्की ठाऊक आहे, कारण तोवर आराखड्यावर सही करायची पद्धत पडली होती. ज्याची सही राहिली त्याचं नाव राहिलं. बाकीचे गेले.

परदेशात हे थोडं वेगळ्या रीतीनं झालं, ते सांगायला हवं. अमेरिकेनं १९७९ पासून चार वर्षं ‘आर्किटेक्चर यूएसए’ नावाची तिकिटं काढली. त्यांवर इमारतीचं चित्र आहे आणि इमारतीच्या नावाबरोबर ती रचणाऱ्याचंही नाव छापलं आहे: जेफरसन, लॅट्रोब, बुलफिंच, स्ट्रिकलंड. त्याआधी १९६६ मध्ये त्यांनी फ्रँक लॉईड राइट या वास्तुविशारदाचं तिकीट काढलं. त्यावर राइटचा चेहरा आणि न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय शेजारी शेजारी आहेत. ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं १९५९ च्या ऑक्टोबरात, राइट गेला त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. स्वतःची इमारत भरलेली पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. फिनलंडनं आल्वार आल्टोला त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १९७६ साली, तिकिटावर आणलं.

मला मात्र या सगळ्यांत जवळचं वाटतं ते २०१५ चं रॉबर्ट रॉबिन्सन टेलर याचं तिकीट. गुलामीत जन्मलेल्या बापाचा हा मुलगा एमआयटीतून १८९२ साली पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. पुढे त्यानं अलाबामातल्या टस्कीगी संस्थेच्या इमारती उभारल्या. तिथे शिकणाऱ्या मुलांनी विटा स्वतः पाडल्या, स्वतः भाजल्या आणि भिंतीही स्वतः चढवल्या. कर्मवीर भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ या वाटेवर वाढलेल्या महाराष्ट्राला टेलर परका वाटायचं कारण नाही. त्याच्या देशाला त्याचा चेहरा तिकिटावर आणायला उशीर झाला, पण अखेर आणला.

आता आपल्याकडे येतो. बांधणाऱ्याला भारतीय तिकिटावर मान मिळाल्याचं माझ्या मते सर्वांत ठळक उदाहरण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं. ते स्थापत्य अभियंते. इमारतींपेक्षा पाण्याचे रचनाकार. १५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचं १५ नव्या पैशांचं तिकीट निघालं, तेव्हा ते हयात होते. हयात माणसाचं तिकीट सहसा काढत नाहीत. आपल्याकडे तो मान सर्वांत आधी मिळाला होता महर्षी धोंडो केशव कर्व्यांना, १९५८ साली त्यांच्या शताब्दीला. कर्व्यांमागून विश्वेश्वरय्या. दोघांच्याही कामाची मुळं पुण्यात आहेत, हे मी अभिमानानं सांगतो.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले, पण अभियांत्रिकी शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि त्यांची नेमणूक नाशिकला झाली. शहात्तर वर्षांनी त्यांचं तिकीट छापलं गेलं तेही नाशिकला, सिक्युरिटी प्रेसमध्ये. इलाख्यातली त्यांची नोकरी खानदेशात, सिंधमध्ये, सुरतेला आणि मुख्यतः पुण्यात झाली.

त्यांचं या जिल्ह्यातलं मोठं काम म्हणजे खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे. धरण जुनं होतं. पावसाळ्यात जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात पुण्याला कमी पडायचं. धरणाची भिंत उंच करणं खर्चिक आणि धोक्याचं. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले की पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडतं, त्याच्या वर चढलं की दरवाजे आपोआप उघडतात आणि पूर ओसरला की आपोआप मिटतात. माणूस लागत नाही, रात्री कोणी जागायला नको. भिंतीला हात न लावता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. हे १९०३ चं काम. हीच युक्ती पुढे ग्वाल्हेरला आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर वापरली गेली.

त्यांचं दुसरं काम शेतकऱ्याच्या जास्त जवळचं. कालव्याचं पाणी उसाच्याच वाट्याला जाऊन बाकीची शिवारं कोरडी राहू नयेत म्हणून त्यांनी नीरा कालव्यावर गट पद्धत आणली: शेताचे गट पाडायचे, पिकांची फेरपालट ठरवायची, पाण्याचा हिशेब गटावर ठेवायचा. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन्ही तालुक्यांत आज पाण्याच्या पाळीवरून जी भांडणं होतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या माणसाची दूरदृष्टी वेगळी समजावून सांगायला नको.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की योग्य माणसाला, योग्य वेळी, चेहऱ्यासह आणि नावासह मान देणं आपल्या टपालखात्याला जमतं. १९६० मध्ये जमलं होतं.

आणि आता जुन्नर.

आपल्या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. एका गावाभोवती एवढी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. कल्याण-सोपाऱ्याहून माल नाणेघाटानं वर यायचा आणि जुन्नरच्या बाजारात उतरायचा. त्या व्यापाराच्या पैशातून ही लेणी झाली. नाणेघाटाच्या गुंफेत सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेलं. आज पुतळे नाहीत, नुसती पावलं आणि नावं उरली आहेत. राणी नागनिकेच्या यज्ञांची आणि दानांची यादी भिंतीवर आहे. ज्यांनी हा घाट फोडला आणि गुंफा कोरली त्यांचं नाव नाही. पण त्यांची वाट अजून चालते. पावसाळ्यात हजारो लोक त्याच पायऱ्यांवरून उतरतात.

जुन्नरच्या शिलालेखांतली नावं मुख्यतः देणाऱ्यांची आहेत, आणि ती वाचताना मन भरून येतं. लेण्याद्रीच्या चैत्याचा दाता कल्याणचा सुलसदत्त. मानमोडीवर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, त्यानं पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, आणि मंडप दिला; लेखात वर्ष सेहेचाळिसावं दिलं आहे. इरिल आणि चिट हे यवन, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले ग्रीक वंशाचे लोक. एकानं पाण्याची टाकी दिली, दुसऱ्यानं भिक्खूंसाठी भोजनमंडप. चंद नावाच्या यवनानं लेण्याचं दर्शनी मुख दिलं. शिवाय बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी. त्यांच्याकडे रकमा ठेवून त्यांच्या व्याजातून लेण्यांचा खर्च चालवला जाई. दोन हजार वर्षांपूर्वी या गावात परदेशी पाहुणा, राजाचा मंत्री आणि बुरूडकाम करणारा कारागीर एकाच कामात सामील झाले होते.

पण छिन्नी कोणाच्या हातात होती?

तुळजाचं लेणं ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी पुन्हा एकदा बांधणाऱ्याच्या नजरेनं पाहावं. गोल दालन, मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर मधोमध घुमटासारखं छत. असं वर्तुळाकार लेणं भारतात अत्यंत दुर्मीळ. कातळात वर्तुळ खोदणं म्हणजे काय, याचा विचार करा. खोदकाम वरून खाली जातं. छत आधी पुरं होतं, जमीन शेवटी लागते. म्हणजे पहिला घाव घालतानाच खालच्या बारा खांबांच्या जागा ठरलेल्या असाव्या लागतात. खांब बाहेरून आणून उभा करायचा नसतो, तो जागच्या जागी शिल्लक ठेवायचा असतो. हा संपूर्ण आराखडा कोणाच्या तरी डोक्यात होता. त्या माणसाला मी वास्तुविशारद म्हणतो, आणि त्याला दुसरं काही म्हणायला मी तयार नाही.

लेण्याद्रीचं सातवं लेणं, जिथे आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, त्या प्रशस्त दालनात मध्ये एकही खांब नाही, आणि भोवती वीस खोल्या. माथ्यावर अख्खा डोंगर आहे. तो भार कातळ पेलेल याचा अंदाज कोणी बांधला? शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यात, छताला लाकडी कमानींसारख्या फासळ्या आहेत, पण त्या दगडाच्याच आहेत. कार्ल्याला त्या खऱ्या लाकडाच्या आहेत, अजून टिकून. आपल्या कारागिरानं सुताराची सगळी रीत दगडात उतरवली. लाकडाचं आणि दगडाचं काम दोन्ही कळणाऱ्याचा तो हात आहे.

घडवणाऱ्यांची नावं त्या काळी लिहितच नसत, असं समजू नका. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी लेख आहे: धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं हे दार केलं. त्यानं बापाचं आणि गावाचं नावही दिलं आहे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याच्या लेण्यात बलक नावाचा शिल्पकार लिहितो की आपण कान्हाचा शिष्य. म्हणजे गुरूचं नाव आधी. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर कान्हदास सोनाराचं नाव आहे. दागिने घडवणाऱ्या माणसानं दगडी यक्ष घडवला आणि नाव लिहायला यक्षाचा हात निवडला. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीनं कोरलेलं नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. देवळात शिरणाऱ्याचा पाय लागेल अशा जागी. सामीपासून हिरोजीपर्यंत महाराष्ट्राच्या कातळावर कर्त्यांनी स्वतःची नावं नम्रपणे, पण ठाम लिहिली आहेत. ती तिकिटापर्यंत नेणं हे आपलं काम आहे.

आंबेगावकरांना वाटेल, आमचा विषय कधी येणार? आलाच. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांनी दिली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते गावच उरलं नाही. तालुक्याचं ठाणं घोडेगावला. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते महाळुंगे पडवळचे, म्हणून ते यथायोग्यच आहे. पण ही धरणं आखणारे अभियंते, माती वाहणारे हात आणि घरं सोडून गेलेली माणसं यांची नावं एकत्र कुठे लिहिली आहेत का? विश्वेश्वरय्यांच्या नशिबी तिकीट आलं. त्यांच्या पुढच्या पिढीतल्यांची नावं निदान एका वहीत तरी उतरवून ठेवू या. ती माणसं अजून आपल्या गावांत आहेत.

शेवटचं नाव खोडदचं. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपण येताजाता पाहतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मध्यभागी, सोळा तीन बाहूंवर, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढ्या मोठ्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्या तर वारा त्यांना उखडेल आणि खर्चही झेपणार नाही. म्हणून त्यांचा पृष्ठभाग पोलादी तारेच्या बारीक जाळीचा केला. जाळीची छिद्रं १० ते २० मिलिमीटर. जाळी दोरांच्या चौकटीवर ताणून बसवलेली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती जाळी भरीव भिंतीसारखीच असते, वारा मात्र आरपार जातो. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. त्याआधी उटीला त्यांनी असा डोंगरउतार शोधून काढला की त्याचा कल तिथल्या अक्षांशाएवढाच होता. ५३० मीटर लांबीची दुर्बीण त्या उतारावर टाकली आणि पृथ्वीच्या आसाला समांतर बसवायचं कठीण काम निसर्गाकडूनच करून घेतलं. जागेचा स्वभाव ओळखून रचना करणारा माणूस. तुळजाच्या कारागिराला तो शेजारी म्हणून नक्की आवडला असता. ७ सप्टेंबर २०२० रोजी डॉ. स्वरूप पुण्यात वारले.

माझा प्रस्ताव दोन भागांत आहे.

पहिला: ‘महाराष्ट्राच्या लेण्यांचे कर्ते’ अशी तिकिटांची मालिका निघावी. कार्ल्याचं दार आणि सामीचं नाव, कोंडाणे आणि बलक, पितळखोरे आणि कान्हदास. चौथं तिकीट तुळजाचं, त्यावर नावाच्या जागी ‘जुन्नरचा अज्ञात स्थपती’ असं स्पष्ट छापावं. नाव ठाऊक नसेल तर तेही छापलं पाहिजे. जागा रिकामी सोडू नये. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत आला आहे, देशाची नजर या गावाकडे वळली आहे. मागणी करायला ही वेळ योग्य आहे.

दुसरा: डॉ. गोविंद स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९ चा. म्हणजे २०२९ मध्ये जन्मशताब्दी. टपालखातं सर्वसाधारणपणे मृत्यूनंतर दहा वर्षं होईपर्यंत व्यक्तीचं तिकीट काढत नाही, म्हणून शताब्दीला निदान खोडदच्या नावानं विशेष लिफाफा आणि सचित्र शिक्का मागावा, आणि तिकिटाचा प्रस्ताव त्याबरोबरच दाखल करून ठेवावा. अशा प्रस्तावाला व्यक्तीच्या कार्याची माहिती, पुरावे आणि छायाचित्रं लागतात. ती गोळा करायला वर्षं लागतात, म्हणून सुरुवात आज व्हायला हवी.

दोन्ही तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांच्या इतिहास आणि विज्ञान शिक्षकांनी व्याख्यान संपल्यावर इथेच थांबावं, ही माझी विनंती आहे. प्रस्तावाचा पहिला मसुदा कोण लिहिणार, लेण्यांची छायाचित्रं कोण काढणार आणि धरणावर काम केलेल्या वृद्धांना भेटायला कोण जाणार, हे ठरवूनच आपण घरी जाऊ.